सोलर प्लांटवर बायकांच्या हाती वायपरच का?

रानवेल_येवला

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. माहेर येवला तालुक्यात. आमच्या गावच्या गायरानावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला (शेतीला दिवसा वीज द्यायची ती योजना) पाच मेगावॅटचा प्लांट उभा राहिलाय. वीस एकरांच्या आसपास जागा, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आत नुसत्या प्लेटाच प्लेटा. जवळजवळ साडेनऊ हजार.

माझ्या वहिनीचा बचत गट आहे, अकरा बायकांचा. देखभालीचा ठेका ज्याच्याकडे आहे तो माणूस मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीला आला. काम असं: प्लेटा धुवायच्या, खालचं गवत काढायचं. पहाटे पाच ते नऊ, रोज तीनशे रुपये. आठ बायका हव्यात, महिन्याला वीस दिवसांची हमी.

बायका खूश. वहिनीने मात्र विचारलं, "दादा, त्या पांढऱ्या डब्यात काय चालतं ते आम्हाला दाखवाल का? दोघी-तिघींना शिकवलं तर बरं." तो हसला. म्हणाला, "ताई, ते नका विचारू, शॉक बसेल. तुम्ही आपलं वायपर मारा."

वहिनी बारावी सायन्स आहे. लग्न झालं आणि पुढचं राहिलं. त्या "वायपर मारा"वर ती दोन दिवस झोपलेली नाही. आता गटात दोन तट पडलेत. काही म्हणतात, आधी काम घ्या, बाकीचं नंतर. वहिनी म्हणते, एकदा वायपर हातात घेतला की तोच राहील.

मला खरंच कळत नाहीये तिला काय सांगू. तुमच्यापैकी कोणी सोलरमध्ये आहे का? बायका या कामात कुठे कुठे आहेत, आणि जिथे आहेत तिथे नेमकं काय करतात?

कटिंग_चहा

पहिला! धागा वाचून सविस्तर लिहितो.

तिरकस

घरबसल्या तीनशे रुपये मिळतायत, महिन्याला सहा हजार. नऊ वाजता मोकळं. कांदा लागणीला दिवसभर वाकून काय मिळतं ते वहिनींना विचारा. उगाच प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करायचं नसतं. इन्व्हर्टर, म्हणजे तो पांढरा डबा, प्लेटांची डीसी वीज एसी करणारा, तो बघायला डिप्लोमावाली पोरं आहेत, त्यांनाच नोकऱ्या नाहीत.

रानवेल_येवला

@तिरकस, "घरबसल्या" नाही हो. पहाटे पाचला कुंपणाच्या आत. त्याआधी चारला उठून भाकरी-भाजी, पोरांचे डबे. पाच ते नऊ ही घरातली सगळ्यात गर्दीची वेळ असते. ठेकेदाराला विचारलं दुपारी धुतल्या तर नाही का चालणार, तर म्हणाला नाही. का ते सांगितलं नाही.

सोलर_सदा

अंबडला माझा छोटा धंदा आहे, छतावरचे सोलर बसवतो. दहा वर्षं झाली. जेवढं ठाऊक तेवढं सांगतो.

दुपारी धुवत नाहीत कारण काच तापलेली असते, त्यावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. शिवाय दुपारी सावली पडली, माणूस आडवा आला, की तेवढी वीज बुडते. म्हणून पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. इथे ठेकेदार बरोबर आहे.

आता शॉकचं. तेही निम्मं बरोबर आहे. अशा प्लांटमध्ये प्लेटा एकापुढे एक जोडून जी माळ करतात, त्यात हजार-दीड हजार व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज असते. घरातल्या विजेसारखं मेन स्विच पाडला की संपलं असं नसतं. ऊन आहे तोवर प्लेट जिवंत. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी नाही, जाळ निघतो आणि तो विझत नाही. मी एकदा पाहिलाय. त्यानंतर आठवडाभर माझा हात थरथरत होता.

पण मला हसू येतंय ते वेगळ्या गोष्टीचं. ज्या बाईला शॉक बसेल म्हणून डबा दाखवत नाहीत, तिला पाणी घेऊन त्याच प्लेटांवर पाठवतात! काच फुटलेली प्लेट, उंदराने कुरतडलेली वायर आणि वर पाण्याचा पाइप. खरा धोका तिथे आहे. पाचला अंधार असतो, उजाडलं की माळ जिवंत होते आणि काम नऊपर्यंत. तेव्हा वहिनींना पहिला प्रश्न हा विचारायला सांगा: रबरी बूट आणि हातमोजे देणार का? फुटकी प्लेट दिसली तर काय करायचं, हे कोण शिकवणार? हे शिकवायला बसला की त्याला आपोआप निम्मा डबा उघडून दाखवावा लागेल.

आणि बोअरचं पाणी असेल तर विचारा क्षार किती आहेत. येवल्याकडचं पाणी जड. धुऊन वाळलं की काचेवर पांढरे डाग बसतात, मग ते घासताना कंबर मोडते आणि वर शिव्या बायकांनाच.

कटिंग_चहा

सदाभाऊ, प्रतिसाद कडक. आता माझं सविस्तर लिहायची गरज उरली नाही.

आकडेबहाद्दर

"बायका कुठे आहेत" याचं उत्तर आकड्यांत. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्था, म्हणजे आयरेना, तिने २०१९ साली अहवाल काढला. जगभरात नवीकरणीय ऊर्जेच्या कामात स्त्रिया ३२ टक्के, तेल आणि वायूच्या उद्योगात २२ टक्के. पुढे २०२२ मध्ये नुसत्या सौर विजेचा वेगळा हिशेब केला, त्यात ४० टक्के निघाल्या. पवनऊर्जेत २१. म्हणजे सोलर हे ऊर्जेच्या धंद्यातलं सगळ्यात मोकळं घर आहे. चित्र वाटतं तितकं वाईट नाही.

बँकवाली_मावशी

@आकडेबहाद्दर, त्याच अहवालाचं पुढचं पान उलटा. सौर क्षेत्रात कार्यालयीन कामात बायका ५८ टक्के, अभियांत्रिकी-तंत्राच्या कामात ३२, आणि अगदी वरच्या खुर्च्यांवर १७. चाळीस टक्के ही सरासरी झाली. फोन उचलणारी, बिलं करणारी बाई घरात आहे, पण ओसरीवरच.

मी बँकेत सव्वीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं छोट्या उद्योगांच्या कर्जांवर. सोलरच्या फर्मची प्रकरणं यायची. महिला उद्योजक म्हणून सवलत मिळते ना, त्यामुळे मालकीण म्हणून बायकोचं नाव. मी समोर बसवून विचारायचे, "बाई, तुमच्या फर्मचा इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा?" की ती नवऱ्याकडे बघायची. नवरा म्हणायचा, "मॅडम, ती जरा घाबरते." एकदाच एक मुलगी आली, सातपूरची. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तू थांब, मला विचारलंय." आणि मॉड्यूलच्या, म्हणजे प्लेटांच्या, भावापासून नेट मीटरच्या (घरातून बाहेर जाणारी वीजही मोजतो तो) अर्जापर्यंत घडाघडा बोलली. तिचं प्रकरण मी त्याच दिवशी वर पाठवलं.

तिरकस

मावशी, एक मुलगी. सव्वीस वर्षांत एक. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

बँकवाली_मावशी

नाही राजा, तुझा मुद्दा असा होता की पोरं रांगेत आहेत म्हणून बायकांनी विचारूच नये. माझा असा, की विचारणारी एकच आली कारण बाकीच्यांना तोंड उघडायच्या आधीच "ती घाबरते" म्हणून टाकलं होतं.

जुना_वायरमन

मी निवृत्त लाइनमन. कंपनीचं नाव घेत नाही, पेन्शन तिकडूनच येते. 😄

आमच्याकडे ३० टक्के आरक्षणातून पोरी विद्युत सहाय्यक म्हणून यायला लागल्या, तेव्हा आमच्या सेक्शनला पहिली आली ती निफाडकडची होती. साहेबाने तिला बिलाच्या टेबलावर बसवलं. सहा महिने. ती रोज सकाळी विचारायची, काका, आज लाइनवर कोण जातंय? मी टाळायचो. खरं सांगतो, मलाच भीती. उद्या पोरीला काही झालं तर तिच्या बापाला काय तोंड दाखवू.

मग एका पावसाळी रात्री जंप (खांबावरची जोडतार) तुटला, माझा जोडीदार रजेवर. तिला घेऊन गेलो. सप्लाय बंद केला, तारेत उरलेली वीज जमिनीत सोडायला डिस्चार्ज रॉड लावला, झुला (सुरक्षेचा पट्टा) कमरेला. माझा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. ती म्हणाली, काका तुम्ही बॅटरी धरा. आणि चढली. खाली आली तेव्हा तळहात सोलून निघाले होते, कारण हातमोजे माझ्या मापाचे. तिच्या हातात सरकत होते, म्हणून तिने काढून टाकले. मी ओरडलो तिला. मग मलाच वाटलं, ओरडायचं तर भांडारवाल्यावर ओरडायला हवं होतं.

तेव्हा सदाभाऊंच्या बूट-हातमोज्यांच्या मुद्द्यात माझी भर: बायकांच्या मापाचे. नाहीतर देतात दहा नंबरचे गमबूट आणि म्हणतात, दिले की!

पेठची_पोर

काका 🙏 तुमचा प्रतिसाद आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू का?

मी पेठ-सुरगाणा भागात एका संस्थेसोबत काम करते. आमच्या एका पाड्यावर सोलर पंपावर पाण्याची योजना आहे. खाली झऱ्यापाशी विहीर, वर टाकी. आधी बाया दोन हंडे घेऊन चढ चढायच्या, उन्हाळ्यात चार खेपा. पंप आला, सहा महिने चालला आणि बंद. गावातल्या पुरुषांनी कंपनीला फोन केले. माणूस येतो म्हणाले. अडीच महिने आला नाही. हंडे परत डोक्यावर.

शेवटी समितीतल्या एका ताईने कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा कोळशाने भिंतीवर लिहून ठेवला, कारण पडदा मिनिटभरात विझायचा. तो आकडा आम्ही फोनवरून कळवला. पलीकडचा मुलगा म्हणाला, हा तर पाणी नसल्याचा इशारा आहे, विहिरीतला सेन्सर वर लटकलाय का बघा. लटकला होता! गाळ काढताना कुणीतरी वर बांधून ठेवला होता. दोरी सोडली, पंप सुरू. अडीच महिने, एका दोरीसाठी.

त्या ताई शाळेत गेलेल्या नाहीत. आता पंपाची चावी त्यांच्याकडे असते आणि भिंतीवर कोळशाने चार आकडे लिहिलेत, प्रत्येकापुढे चित्र. पाणी, ऊन, वायर, आणि चौथ्यापुढे फोन. म्हणजे माझ्याने होत नाही, फोन करा.

वहिनींना सांगा, डबा बघायचा हट्ट सोडू नका.

कसमादेकर

बठ्ठं खरं शे ताई.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. पहाटे पाचला येवल्यात ठीक, पण निफाड-सिन्नरला उसाच्या कडेला कुंपण असेल तर आत बायका आणि बाहेर बिबट्या. तीन फेजची लाइट एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास, यात आमची उमर गेली. रात्री पाणी धरायला मी, आणि मागे बॅटरी घेऊन बायको. सौर वाहिनीने दिवसा लाइट मिळाली तर सगळ्यात जास्त झोप तिलाच मिळेल. बायकांचा फायदा मोजायचा तर तोही मोजा, नुसत्या नोकऱ्या काय मोजता.

कटिंग_चहा

दिवसा लाइट शेतकऱ्याला, पहाटे बिबट्या बचत गटाला. योजना समतोल आहे. (हलके घ्या.)

अवांतर_अण्णा

अवांतराबद्दल क्षमस्व, पण सोलरवाले जमलेत म्हणून विचारतो. मी गंगापूर रोडला तीन किलोवॅट बसवलं. पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजार अनुदान जमा झालं, तक्रार नाही. पण नेट मीटर बसून दोन महिने झाले तरी बिल पूर्वीएवढंच. कुठे जायचं?

सोलर_सदा

अण्णा, बिलावर निर्यात युनिटचा रकाना शून्य आहे का बघा. शून्य असेल तर मीटर बदलल्याची नोंद सिस्टीमला चढलेली नाही. अर्ज आणि मीटरचा फोटो घेऊन उपविभागात जा. तीन किलोवॅटला दिवसाला सरासरी बारा युनिट धरा, त्याहून फार कमी येत असेल तर मग प्लेटांवर धूळ.

अवांतर_अण्णा

धूळ आहेच. गडी मिळत नाही धुवायला.

कटिंग_चहा

अण्णा, येवल्यात आठ बायका आहेत. इन्व्हर्टर दाखवणार असाल तर येतील.

बँकवाली_मावशी

😂 धागा भरकटण्याआधी कसमादेकरांना विचारते. दिवसा लाइट, झोप, सगळं मान्य. पण सौर पंपाच्या अर्जाला सातबारा लागतो ना? तुमच्या घरचा कोणाच्या नावावर?

कसमादेकर

पकडलं मावशी. वडिलांच्या.

पण चांदवडचा माणूस आहे मी. १९८६ साली शरद जोशींनी शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं ते आमच्या चांदवडला. माझी आई बैलगाडीतून गेली होती, मी कडेवर. नंतर लक्ष्मीमुक्ती निघाली, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करा. गावात चर्चा बरीच झाली. आईच्या नावावर वडिलांनी केली बांधाकडची पंधरा गुंठे. मुरमाड. तीही पुढे माझ्या शिक्षणाला विकली.

आकडेबहाद्दर

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, बाकी सरकारचं अनुदान. पण मागणारा म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा तो. "मागेल त्याला", "मागेल तिला" नाही.

(मावशींचा अहवालाबद्दलचा मुद्दाही मान्य. सरासरीने फसवलं मला.)

भटकी_सायली

टिलोनियाला जाऊन आलेलं कोणीच नाही का इथे? राजस्थानात अजमेरजवळ, बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेलं बेअरफूट कॉलेज. मी कॉलेजात असताना चार दिवस राहिले होते.

तिथे वेगवेगळ्या देशांतल्या, बहुतेक आफ्रिकेतल्या, चाळिशी-पन्नाशीच्या बायका येतात. बऱ्याचशा आज्ज्या. लिहिता-वाचता येत नाही, एकमेकींची भाषा येत नाही, शिकवणाऱ्यांची तर नाहीच. सहा महिन्यांत सौर दिव्याचं सर्किट जोडायला शिकतात. खुणांनी आणि रंगांनी. प्रत्येक भागाला रंग, तक्त्यावर तोच रंग. मी एका आजीशेजारी बसले होते. ती सोल्डर करायची, फुंकर मारायची आणि मग लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात तसा बोर्डाला मागून हात लावायची. गरम लागला की मान हलवून पुन्हा उसवायची.

आज्ज्याच का निवडतात, असं विचारलं. उत्तर मिळालं, तरुण पोरगा शिकवला की सर्टिफिकेट घेऊन शहरात जातो. आजी गाव सोडत नाही.

एकेकाळी_आफ्रिकेत

सायली, मी टांझानियात दार-ए-सलामला पाच वर्षं होतो, पंपांच्या कंपनीत. टिलोनियाच्या धर्तीवर झांझिबारमध्येही केंद्र आहे, तिथे एकदा गेलो होतो. शिकवणं अस्सल आहे, त्याबद्दल शंका नाही. पण माझा अनुभव असा, की खेड्यातला दिवा कारागीर नसल्याने बंद पडत नाही, बॅटरी मेल्याने पडतो. चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी कोण आणणार, पैसे कोण गोळा करणार? जिथे बायका महिन्याला थोडे थोडे पैसे साठवायच्या तिथे दिवे चालू होते. म्हणजे शेवटी बचत गटच.

तिकडे 'सोलर सिस्टर' नावाची संस्थाही आहे, टांझानिया आणि नायजेरियात बायका सौर दिवे विकतात. दारोदार विकणं, ओळखीपाळखीवर. चांगलं चालतं. पण तिथेही माझ्या मनात हाच प्रश्न यायचा: विकणारी बाई, दुरुस्तीला बुवा.

बांगलादेशची गोष्ट याहून बोधक. ग्रामीण शक्ती १९९६ मध्ये सुरू झाली, तिने खेड्यातल्या मुलींना सौर सामान जोडायला, दुरुस्त करायला शिकवलं. देशभरात चाळीस लाखांवर घरांत छोटे सौर संच बसले. मग सरकारी तारा गावोगाव पोचल्या आणि छोट्या संचांचा बाजार बसला. ज्यांना फक्त तोच एक डबा जोडता येत होता त्यांचं काय झालं असेल, कल्पना करा.

म्हणून वहिनींना सांगा, ठेकेदाराचा डबा शिका, पण त्यावर थांबू नका. घरची वायरिंग, मोटार, स्टार्टर हेही शिका. मोटार कुठल्याही राज्यात जळतेच.

जुना_वायरमन

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं.

तिरकस

बरं, मी जरा मऊ होतो. सरकारचा सूर्यमित्र म्हणून कोर्स आहे, तीन महिन्यांचा, निवासी, फुकट. वहिनींना तिकडे पाठवा की. ठेकेदाराच्या दारात कशाला उभं राहायचं?

रानवेल_येवला

@तिरकस, चौकशी केली. आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो. वहिनीकडे बारावी. आणि निवासी म्हणजे तीन महिने दोन मुलांना आणि आईला कोण बघणार? दादाच बघू शकतो खरं तर. त्याला विचारलं, तर "बघू" म्हणाला. आमच्या दादाचं "बघू" तुम्हाला माहीत नाही.

गंमत बघा, टिलोनियात शाळाच न पाहिलेली आजी चालते आणि आपल्याकडे बारावी सायन्स चालत नाही.

पेठची_पोर

डुंगरपूरचंही सांगते. तेही राजस्थान, पण आदिवासी भाग. आयआयटी मुंबईच्या प्रकल्पात तिथल्या बायकांनी आधी मुलांच्या अभ्यासाचे सौर दिवे जोडले. काम पुरं झालं तेव्हा पुढे काय, म्हणून सोलर प्लेटा बनवण्याचा कारखानाच उभा केला, दुर्गा नावाने. मालकी बायकांची. आम्ही प्रशिक्षणात त्याचा व्हिडिओ दाखवतो. आमच्या बाया कारखाना बघत नाहीत, पाळणाघर कुठाय ते विचारतात.

लासलगावकरीण

उशिरा आले, सगळं वाचलं. सोलर म्हणजे नुसती वीज नव्हे. एस फोर एस टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी आहे, सौर ड्रायर करते. बायका घरापाशी ड्रायर लावून कांदा, टोमॅटो, आलं वाळवतात आणि माल कंपनी उचलते. २०२३ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. भाव पडला की आमच्याकडे कांदा रस्त्यावर ओततात, त्या वेळी वाळवलेला कांदा पोत्यात असेल तर काय वाईट? ड्रायर चालवणारी बाई कोणाच्या परवानगीला थांबत नाही. वहिनींच्या गटाने ठेकेदाराला रामराम करून हे बघावं.

बँकवाली_मावशी

बघावंच. पण वहिनीला डब्यात काय चालतं ते बघायचंय, कांदा नाही. तिला जे हवंय ते सोडून बाकी सगळं आपण सुचवतोय. 🙂

रानवेल, एक व्यवहाराचं. या योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळायचे आहेत. गायरान गावाचं आहे. म्हणजे ठेकेदार उपकार करत नाहीये. ग्रामसभेत बायकांनी ठराव मांडावा: देखभालीत गावातल्या दोन स्त्रियांना शिकाऊ म्हणून घ्यावं. नाही म्हणाला तरी कागदावर तर येईल. आणि मजुरी गटाच्या खात्यावर घ्या, रोख नको.

रानवेल_येवला

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. परीक्षा होत्या.

तर झालं असं. गटाने काम घेतलं. वहिनीच्या मनाविरुद्ध, पण तिने अटी घातल्या आणि तुमच्या प्रतिसादांचे मी प्रिंट काढून नेले होते (वायरमन काका, तुमचा सगळ्यांसमोर वाचला. तळहाताच्या ठिकाणी आईने डोळे पुसले). बूट मिळाले, बायकांच्या मापाचे. हातमोजे अजून नाहीत. ग्रामसभेत ठराव मांडला, सरपंचांनी "नोंद घेतली" म्हटलं. नोंदवहीत ती दिसली नाही, तेव्हा दोघी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या. मग दिसली.

डबा ठेकेदाराने काही दाखवला नाही. पण वहिनीने वेगळंच केलं. धुताना प्रत्येक ओळ, प्रत्येक प्लेट हाताखालून जाते. एकीच्या वाट्याला सकाळी सव्वाशे तरी येतात. तिने मुलाची जुनी शंभरपानी घेतली आणि जे वेगळं दिसेल ते लिहायला लागली. सोळावी ओळ, चौथी प्लेट, कोपऱ्यात तडा. बावीसावी ओळ, काचेखाली तपकिरी डाग, बोटाएवढा. एकतिसावी, खाली वायर लोंबते आणि उंदराची लेंडी. दहा दिवसांत एकोणतीस नोंदी.

पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला, उत्पादन कमी येतंय म्हणून. लॅपटॉप उघडून बसला. त्याला एवढंच दिसत होतं की अमुक इन्व्हर्टरला वीज कमी येते, कुठल्या प्लेटपाशी ते नाही. वहिनीने वही पुढे केली. तो वही घेऊन ओळीत फिरला. तपकिरी डाग म्हणजे प्लेट आतून जळतेय म्हणे. एकतिसाव्या ओळीतली वायर खरंच कुरतडलेली होती. त्याने ठेकेदाराला विचारलं, हे रेकॉर्ड कोण ठेवतं? ठेकेदार म्हणाला, "आम्हीच ठेवतो सर."

कटिंग_चहा

"आम्हीच ठेवतो सर" 🤦

तिरकस

हा माणूस कुठे राहतो?

सोलर_सदा

ताई, वहिनींनी जे केलं त्याला आमच्यात तपासणी म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. पुढच्या वेळी वहीच्या प्रत्येक पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवायला सांगा, आणि तो इंजिनिअरला थेट पाठवा. नंबर घेतलाय ना?

रानवेल_येवला

घेतलाय. इंजिनिअर स्वतःहून म्हणाला, पुढच्या महिन्यात येईन तेव्हा दोघींना मीटर कसं लावायचं ते दाखवतो. येईल तेव्हा खरं. वहिनी म्हणते, तोवर मीटर हातात धरायची तरी सवय करायला हवी, त्याच्यासमोर उलटं धरलं तर? कोणाकडे जुना क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा लावून वीज मोजायचा) पडून आहे का? विकत घेऊ, फुकट नको.

जुना_वायरमन

माझा आहे. बावीस वर्षं वापरलेला, चालू आहे. रविवारी पैठणी घ्यायला येवल्याला येतोच आहे, सूनबाईचं डोहाळजेवण आहे. घेऊन येतो. पैसे नकोत.

सोलर_सदा

काका, तुमचा जुना म्हणजे एसीचा, घरच्या विजेचा असणार. डीसीच्या वायरीला लावला की शून्य दाखवेल आणि वहिनींना वाटेल वायर मेली आहे. हात घालतील. तो घरच्या मोटारीवर शिकायला ठेवा. डीसीचा माझ्याकडे एक जास्तीचा आहे, शनिवारी अंबडला दुकानातून घेऊन जा. आणि पहिला धडा हाच द्या: शून्य दिसलं म्हणजे वीज नाही असं नव्हे.

जुना_वायरमन

बरोबर. साठ वर्षांच्या माणसालाही कळलं. शनिवारी अकराला येतो.

रानवेल_येवला

वहिनीला फोन केला. म्हणाली, काकांना सांगा नऊच्या आधी येऊ नका, मी प्लांटवर असते. आणि जेवायला थांबायचं आहे.

अवांतर_अण्णा

माझ्या बिलावर निर्यात युनिट शून्यच आहे. म्हणजे तेही तसं नव्हे का?